वाजविणाऱ्यांची नावे



लग्नसराई आली की आपल्या नांदेड-लातूरकडच्या गावोगावी बँडचा आवाज घुमू लागतो. वरातीत कोणते गाणे वाजते आहे, हे शाळकरी पोरही सांगते. गाणे कोणत्या सिनेमातले, ते कोणी गायिले, चाल कोणाची, हेही आपल्यातल्या पुष्कळांना तोंडपाठ असते. पण पुढे उभा राहून जो माणूस क्लॅरिनेट वाजवतो आहे त्याचे नाव काय, असे कोणी विचारले तर? "बँडवाला आहे," एवढेच उत्तर मिळायचे.

ही गत आपल्याच गावाची आहे असे मात्र समजू नका. ज्या सिनेमाच्या गाण्यांवर आपले बँड चालतात, त्या गाण्यांतही तेच घडले. गाणाऱ्याचे नाव तबकडीवर, संगीतकाराचे नाव तबकडीवर. आणि त्या गाण्यामागे जे पन्नास-साठ हात राबले त्यांचा पत्ता कोठेच नाही. आज मी आपल्याला अशा एका तबकडीची हकिकत सांगणार आहे, की जिच्यात गाणारा कोणीच नाही आणि वाजविणाऱ्या दहाही जणांची नावे दिलेली आहेत. ही तबकडी १९६८ साली एच. एम. व्ही. ने काढली. तिचे नाव 'रागा-जाझ स्टाईल'. संगीत शंकर-जयकिशन यांचे आणि सतार उस्ताद रईस खाँ यांची.

आता 'जाझ' म्हणजे काय, असे आपण विचाराल. शब्द परका आहे, पण वस्तू तितकी परकी नाही. कशी ती पहा.

जाझ हे अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडविलेले संगीत. त्यांच्या वाडवडिलांना गुलाम करून जहाजांत कोंबून तिकडे नेले होते. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, आणि पुढे न्यू ऑर्लिन्स नावाच्या बंदराच्या शहरात १९०० च्या आसपास हे संगीत आकाराला आले. वाद्ये कोणती? तर लष्करी बँडची. ट्रंपेट, ट्राँबोन, क्लॅरिनेट आणि ढोल. हीच पलटणीची वाद्ये आपल्याकडेही आली. इंग्रजांच्या पलटणींतून आली, संस्थानिकांच्या फौजांतून आली आणि शेवटी वरातीच्या बँडमध्ये स्थिरावली. न्यू ऑर्लिन्सला बँड मिरवणुकीत वाजतो तसाच प्रेतयात्रेतही वाजतो. आपल्याकडची हलगीही लग्नात वाजते आणि मयतातही वाजते. तेव्हा तिकडचा बँडवाला आणि आपला बँडवाला हे सख्खे भाऊ नसले तरी एकमेकांना ओळख पटावी इतके जवळचे खास आहेत.

जाझ वाजविण्याची रीतही आपल्याला उमगण्यासारखी आहे. आपल्या भजनी मंडळात काय होते? सगळे मिळून ध्रुपद म्हणतात, मग एक गवई पुढे सरसावतो, चाल फिरवतो, नवी जागा घेतो, आणि पुन्हा सगळ्यांच्या ध्रुपदावर येऊन मिळतो. मग दुसऱ्याची पाळी. जाझमध्येही असेच. आधी सगळे मिळून धून वाजवतात. मग एकेक वादक त्या धुनीच्या अंगाने, त्या वेळी जे सुचेल ते वाजवतो. आपल्या गाण्यात तिला आपण उपज म्हणतो. सर्वांच्या पाळ्या झाल्या की पुन्हा मूळ धून. न लिहिलेले वाजविणे हा जाझचा जीव.

पण १९३० च्या सुमारास अमेरिकेत या संगीताचे मोठमोठे बँड उभे राहिले. एकेका बँडमध्ये बारा ते अठरा माणसे. ट्रंपेटवाल्यांची एक फळी, ट्राँबोनवाल्यांची दुसरी, सॅक्सोफोनवाल्यांची तिसरी. आणि तालासुराला पियानो, गिटार, बास नावाचे उंच तंतुवाद्य व ड्रम. एवढी माणसे एकदमच मनाला येईल ते वाजवू लागली तर संगीत राहील बाजूला आणि आठवड्याचा बाजार भरेल! म्हणून प्रत्येकाने कोठे सुरू करायचे, कोठे थांबायचे, कोणत्या सुरावर उभे राहायचे, हे आधी कागदावर लिहावे लागे. हे लिहिणाऱ्याला इंग्रजीत अरेंजर म्हणतात. आपण त्याला मांडणीकार म्हणू. चाल एकाची, मांडणी दुसऱ्याची. घर बांधायचे असे एकजण ठरवतो, पण कोणती तुळई कोणत्या खांबावर टेकेल हे ठरवणारा गवंडी-सुतार वेगळाच असतो, तसेच हे.

आणि घर ज्याचे त्याचे नाव होते. गवंड्याचे होत नाही. अमेरिकेतही असेच झाले. ड्यूक एलिंग्टन हे तिथल्या मोठ्या बँडांचे फार नामांकित नायक. त्यांच्या मागे बिली स्ट्रेहॉर्न नावाचे एक मांडणीकार व रचनाकार १९३९ पासून १९६७ साली मरण येईपर्यंत राबले. एलिंग्टनच्या बँडची ओळख बनलेली धून खरी स्ट्रेहॉर्नची, पण पुष्कळ लोक ती एलिंग्टनचीच समजत. १९६३ साली हा बँड आपल्या देशात येऊन गेला. स्ट्रेहॉर्नही बरोबर होते. दिल्लीत एका मैनेचा बोल त्यांच्या कानांवर पडला, तो त्यांनी ध्यानात ठेवला, आणि पुढे त्याच्यावर एक रचना बांधली. तिच्यात क्लॅरिनेट मैनेसारखे बोलते. आग्र्यावरही एक रचना झाली. या सफरीतून सुचलेल्या अशा नव्या रचनांचा संच १९६६ च्या डिसेंबरात त्या बँडने ध्वनिमुद्रित केला, आणि तो दोघांच्या नावाचा म्हणून आज जगभर ऐकला जातो. उशिरा का होईना, गवंड्याचे नाव घरावर लागले.

आता आपण आपल्या देशाकडे वळू. जाझ मुंबईत आले ते बड्या हॉटेलांच्या दारातून. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचे आफ्रिकी-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. ते पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ साली तिथेच वारले. या लोकांचे वाजविणे ऐकायला साहेब, संस्थानिक आणि धनिक शेठ जमत. पण खरे कान देऊन ऐकत होते ते गोव्याचे वादक.

गोव्याचेच का? याचे उत्तर शिक्षक मित्रांना विशेष आवडेल, कारण ते शाळेत आहे. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. तिथे चर्चला जोडून ज्या शाळा असत त्यांत मुलांना प्रार्थनेच्या गायनासाठी स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि हाती व्हायोलिन देत. आपल्या घराणेदार गवयांची विद्या कानातून कानात जात होती. गोव्याच्या खेड्यातल्या मुलाला ती डोळ्यांनीही वाचता येत होती. हा मुलगा पोटासाठी मुंबईला आला, धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावच्या लोकांनी चालविलेल्या कुडात, म्हणजे सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकली, आणि जिथे वाद्य वाचून वाजविणारा माणूस हवा तिथे कामाला लागला. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून सुमारे वीस वर्षे ताजमध्ये वाजत होता. हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट असे काही वाजवीत की लोक त्यांना मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांनी नाव घेतले होते चिक चॉकलेट.

स्वातंत्र्य आले, साहेब गेला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या नाचगाण्याचा धंदा आटत चालला. मग ही सारी मंडळी कोठे गेली? सिनेमाच्या स्टुडिओत. आणि इथेच ती आपल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, कानांपर्यंत पोहोचली.

नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटना हाताशी धरले. भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ साली आला. त्याच्या गाण्यांतली ट्रंपेटची ललकारी ऐका, तिच्यामागे हॉटेलातले जाझ उभे आहे. पाहणाऱ्याला वाटले, ही सिनेमाची नवी तऱ्हा. मग ती गाणी वरातीच्या बँडांनी उचलली. म्हणजे पहा, न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरचा सूर मुंबईच्या हॉटेलात आला, तिथून स्टुडिओत गेला आणि तिथून थेट आपल्या गावच्या वेशीत पोहोचला. वाटेत त्याला कोणी कोणी खांदा दिला, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही.

स्टुडिओतले काम कसे चाले तेही सांगतो. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. मांडणीकार ती स्वरलिपीत उतरवून घेई. दोन कडव्यांमधल्या जागेत व्हायोलिन काय बोलेल, बासरी कधी उत्तर देईल, हे तो लिहून काढी. मग प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाट्याचा कागद येई, आणि वादक तो वाचून वाजवी. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा यांचे. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात स्वतःचा बँड चालवीत. १९४७ नंतर मुंबईस आले. तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत. या दोघांची नावे पडद्यावर 'सहायक' म्हणून येत. पण समोर बसून व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रंपेट वाजविणाऱ्यांची नावे सहसा येत नसत. दिवसाचे पैसे घ्यायचे आणि घरी जायचे.

आपल्या आकाशवाणीचाही या हकिकतीत संबंध येतो, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाची गाणी उसन्या विलायती वळणाची, असे त्यांचे मत. त्यांच्या काळात ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परत आली. पेटीचेही तसेच. पेटी विलायती, तिच्यात मींड निघत नाही, म्हणून १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली आणि ती सुमारे तीस वर्षे राहिली. तेवढ्या काळात आपल्या देवळांतली भजने पेटीवर चालूच होती. वाद्य कोठून आले यापेक्षा त्यावर आपण काय बोललो, याला किंमत असते, हे खेड्यातल्या भजनी मंडळाला कोणी शिकवावे लागले नाही.

पण खरा प्रश्न पुढेच होता. या वादकांना दुसऱ्याच्या चाली वाजवता येत होत्या, नटवता येत होत्या. त्यांचे स्वतःचे काही होते की नाही? होते, आणि त्याची कहाणी चटका लावणारी आहे. गोव्यातल्या माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस १९४३ साली मुंबईला आले आणि सिनेमात व्हायोलिन वाजवू लागले. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची गाठ घालावी, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी शंभरावर वादक जमवून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या रचनांची मैफल केली. त्यांत सारंग रागावर बांधलेली एक मोठी रचना होती. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. लोकांनी ऐकले, आणि मैफल संपली. अशा कामाला कायमचा आश्रय कोण देणार? १९६५ साली गोन्साल्विस शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. परत आले ते गावी राहिले. सिनेमाकडे पुन्हा वळले नाहीत. मग १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' मध्ये त्यांच्या नावाचे गाणे आले. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आणि त्यांतल्या प्यारेलालजींना व्हायोलिन शिकविणारे गुरू हेच. सारा देश ते नाव गात होता, आपल्याकडच्या वरातीही त्यावर नाचल्या. पण या नावाचा एक खरा माणूस गोव्यात बसला आहे आणि त्याने काय रचले आहे, हे किती जणांना ठाऊक होते? २०१२ साली ते गेले. नाव सर्वांच्या तोंडी आणि काम कोणाच्याच कानी नाही, अशी गत.

या पार्श्वभूमीवर १९६८ ची ती तबकडी पाहिली म्हणजे तिचे मोल कळते.

तिचे संगीतकार शंकर-जयकिशन. त्यांतले शंकर हैदराबादचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता. म्हणजे आपल्या वाडवडिलांची राजधानी ते त्यांचे गाव. शंकर तिथे तबला शिकले, मुंबईला पृथ्वी थिएटरमध्ये आले, तिथे गुजरातेतल्या बांसद्याच्या जयकिशन यांची गाठ पडली, आणि १९४९ च्या 'बरसात' पासून ही जोडी घरोघरी पोहोचली. सिनेमाचा एवढा पसारा असताना या दोघांनी एक गोष्ट केली. सिनेमा नाही, गाणे नाही, नट-नटी नाही, अशी एक तबकडी केली. अकरा राग घेतले. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी भैरवी. प्रत्येक रागावर एक नवी लहान रचना. राग सतारीने उलगडायचा. सॅक्सोफोन, ट्रंपेट आणि बासरीने त्याला उत्तर द्यायचे. खाली ड्रम आणि तबला शेजारी शेजारी बसवायचे. हा काही अठरा माणसांचा मोठा बँड नव्हता. दहाच माणसे. पण मोठ्या बँडची शिस्त आणि जाझची मोकळीक यांचा मेळ त्यात होता.

यात अडचण कोणती होती, ती समजून घेण्याजोगी आहे. शाळेत किंवा देवळात पेटी असेल तर आपण स्वतः करून पाहू शकता. आपले संगीत एका वेळी एका सुराने चालते, मागे तंबोऱ्याचा षड्ज. पाश्चात्त्य संगीतात पियानोवाला तीन-चार सूर एकदम दाबतो. त्याला कॉर्ड म्हणतात. साधी कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प एकदम. आता मालकंस घ्या. त्यात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी एवढेच सूर. रिषभ वर्ज्य आणि पंचमही वर्ज्य. मग पियानोवाल्याने सवयीने सा-ग-प दाबले की पंचम वाजला आणि मालकंस मेला! त्याने काय करावे? म, कोमल ध आणि वरचा सा एकदम दाबून पहा. गोड लागते, आणि राग मोडत नाही. कोमल ध, सा आणि कोमल ग दाबा, तेही चालते. म्हणजे वाट आहे, पण अरुंद आहे, आणि एकेक पाऊल जपून टाकावे लागते. प्रत्येक रागाची वाट वेगळी. दोन संगीते एकत्र आणणे म्हणजे एका भांड्यात दूध आणि ताक ओतणे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

ही तबकडी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. चार-दोन मिनिटांत राग पुरा उभा राहत नाही. तोडीचा विस्तार ऐकण्याची ज्याला सवय आहे त्याला चुटपुट लागते. जाझच्या जाणकाराला वाटेल की वादकांना मोकळे रान थोडे कमीच मिळाले. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण सिनेमाच्या स्टुडिओत वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गाण्यामागे बसलेले वादक इथे पुढे येऊन बोलतात, हे ऐकणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांतच जाणवते.

ती नावे मी आता घेतो, कारण त्यासाठीच हा सारा खटाटोप. सतार रईस खाँ. सॅक्सोफोन आणि बासरी मनोहारी सिंग. टेनर सॅक्सोफोन सुमन. ट्रंपेट जॉन परेरा. पियानो लुसिला पाशेको. दहा जणांतल्या या एकट्या बाई. बास एडी त्रावास. गिटार अनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक. ड्रम लेस्ली गोदिन्हो. तबला रमाकांत. इंदूरचा उस्ताद, गोव्याचे ख्रिस्ती वादक, मराठी, नेपाळी, सगळे एका पंगतीला.

यांतल्या मनोहारी सिंगांची गोष्ट आपल्या बँडवाल्यांनी आवर्जून ऐकावी. त्यांचे घराणे मूळ नेपाळचे, वडील कलकत्त्याला बँडमध्ये वाजविणारे. मनोहारी स्वतः लहान वयात बाटानगरला बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये वाजवू लागले. होय, चपला-बुटांची तीच कंपनी. तिचा स्वतःचा बँड होता. तिथे ते लिहिलेले संगीत वाचून वाजवायला शिकले. १९५८ साली मुंबईस आले, आणि पुढे पन्नास वर्षे हिंदी गाण्यांतला सॅक्सोफोन म्हटला की त्यांचा, अशी त्यांची ख्याती झाली. २०१० साली ते वारले. कारखान्याच्या बँडमधून निघालेला मुलगा रागाच्या तबकडीपर्यंत पोहोचला. मग वरातीच्या बँडमधला आपला मुलगा का पोहोचणार नाही?

आता आपण आपल्या अंगणात येऊ. आपल्या मराठवाड्यात हलगी, सनई आणि पुढे बँड वाजविणाऱ्यांत मातंग समाजातले कलावंत पुष्कळ. पिढ्यान्पिढ्या त्यांनी गावाचा प्रत्येक शुभ प्रसंग वाजवून साजरा केला. मोबदला काय, तर बलुत्याचा. जागा कोठे, तर मांडवाबाहेर. आणि ताट शेवटच्या पंगतीनंतर. त्यांच्या बोटांत जे होते त्याला कोणी विद्या म्हटले नाही. त्याला काम म्हटले. गोव्याच्या मुलाला निदान शाळेने स्वरलिपी दिली होती. आपल्या हलगीवाल्याच्या मुलाने बापाच्या खांद्याआडून पाहून शिकायचे. तरीही तो माणूस सिनेमाचे गाणे दोनदा ऐकून तिसऱ्यांदा वरातीत वाजवतो, आणि वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत जाईतो त्यात आपली एखादी जागा घालतो. तीच उपज. न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले. आपण तिला वरातीचा गोंगाट म्हणून सोडून दिले.

आणि आता वेळ थोडी आहे. डीजेच्या भिंती आल्या, तसे बँडपथकांचे काम कमी झाले. म्हातारे वादक थकत चालले आहेत, पोरे दुसऱ्या कामाला लागली आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जमणाऱ्या फडांत, गावोगावच्या पथकांत अजून जी जाणती माणसे आहेत, त्यांच्याबरोबर त्यांचे ठेके, त्यांच्या जागा, त्यांच्या गुरूंची नावे निघून जातील. वही नसेल तर उरेल काय? मुंबईच्या वादकांची हकिकत आज आपल्याला सांगता येते, कारण काही नावे तबकडीच्या वेष्टनावर छापली गेली आणि काहींची नावे पुढे जिज्ञासू माणसांनी घरोघर जाऊन विचारून लिहून घेतली. आपल्याकडचे घरोघर कोण जाणार?

शिक्षक मित्रहो, हे काम तुमच्या हातचे आहे. बँडच्या म्होरक्याला लोक 'मास्तर' म्हणतात, हे तुमच्या ध्यानात आहे ना? ती तुमचीच पदवी. सहावी-सातवीच्या मुलांना एक वही द्या. आपल्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत जो कोणी वाद्य वाजवतो त्याच्याकडे जाऊन पाच गोष्टी लिहून आणायला सांगा. पूर्ण नाव. गाव. वाद्य. कोणाकडून शिकला. आणि त्याची स्वतःची म्हणून एखादी चाल, ठेका किंवा जागा कोणती. आजकाल घरोघरी मोबाइल आहे. शेवटची गोष्ट मुलांनी वाजवून घेऊन त्यात साठवावी. इतिहासाचा असा धडा मुलांना जन्मभर पुरेल, आणि ज्या मुलाचा बाप हलगी वाजवतो तो मुलगा त्या दिवशी वर्गात मान ताठ करून बसेल.

आणि श्रोतेहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. आपल्या लग्नांत माइकवरून पाहुण्यांची नावे तासभर पुकारली जातात. अमक्या सरपंचांचे स्वागत, तमक्या सभापतींचे आगमन, मामांकडून आहेर, मावशीकडून आहेर. पुकारा, अवश्य पुकारा. पण अक्षता पडण्याआधी एकदा बँडवाल्यांचीही नावे पुकारा. आठ माणसे असतात. अर्ध्या मिनिटाचे काम. अमुक गावचे अमुक, क्लॅरिनेट. तमुक गावचे तमुक, ट्रंपेट. हलगीला कोण, ढोलाला कोण. ज्याने आपल्या घरचे कार्य वाजवून साजरे केले त्याचे नाव मांडवातल्या सर्वांच्या कानी पडू द्या, आणि त्याचे ताट पहिल्या पंगतीला मांडा.